‘हुल्लडबाजांना दंडुका, दहशतवाद्यांना पायघड्या’ : ब्रिटनबद्दलचा एक चुकीचा दावा

युरोपात कुठे दहशतवादी हल्ला झाला की एक मेसेज मराठी गटांमध्ये पुन्हा फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: इंग्लंडने फुटबॉलच्या हुल्लडबाजांना सरळ केलं, कारण तिथे कोर्टकचेऱ्या केल्या नाहीत, संशय आला की पासपोर्ट काढून घेतले, स्टेडियमची दारं बंद केली, प्रश्न मिटला. दहशतवादाच्या संशयितांना मात्र हेच सरकार मानवाधिकारांच्या नावाखाली हात लावत नाही. फुटबॉलचं सूत्र त्यांनाही लावा, आणि भारतानेही त्यातून शिकावं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बॉम्बस्फोटात माणसं मरतात तेव्हा राग येणारच. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक विधान तपासलं की उलटं निघतं, आणि त्यातून जी मागणी पुढे येते ती निरपराध माणसांच्या अंगावर येणारी आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“हुल्लडबाजांसाठी कोर्ट लागलं नाही, पुरावा लागला नाही.”

यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करू. युरो २००० स्पर्धेच्या वेळी बेल्जियममध्ये, ब्रसेल्स आणि शार्लरुआ इथे, इंग्लंडच्या समर्थकांनी धिंगाणा घातला. नऊशेहून जास्त जण पकडले गेले, त्यातल्या बहुसंख्यांवर खटला चाललाच नाही. इंग्लंडच्या संघालाच स्पर्धेतून काढू, अशी धमकी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, दिली. हादरलेल्या ब्रिटिश सरकारने काही आठवड्यांत नवा कायदा संमत करून घेतला. त्यानुसार गुन्हा सिद्ध झालेला नसतानाही पोलीसप्रमुखाला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून एखाद्यावर ‘बंदी आदेश’ मागता येतो. परदेशातल्या स्पर्धेआधीच्या ठरलेल्या दिवसांत पोलीस त्या माणसाला विमानतळावर थांबवू शकतात आणि पासपोर्ट जमा करायला सांगू शकतात.

पण ‘कोर्ट लागलं नाही’ हे साफ खोटं आहे. विमानतळावर अडवलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. बंदी आदेश पोलीस देत नाहीत, कोर्ट देतं. त्या माणसाने पूर्वी कुठे हिंसाचार केला किंवा त्याला हातभार लावला, हे पोलिसांना दाखवावं लागतं. आदेशामुळे पुढचा हिंसाचार टळायला मदत होईल, हेही पटवावं लागतं. डर्बी काउंटी संघाच्या दोन समर्थकांनी या आदेशांना आव्हान दिलं, तेव्हा २००२ मध्ये अपील कोर्टाने आदेश कायम ठेवले. मात्र त्याच निकालात म्हटलं की ही कारवाई कागदावर दिवाणी असली तरी पुराव्याची कसोटी फौजदारी खटल्याइतकीच कडक हवी.

समोरच्या माणसाला पोलिसांचं सगळं दप्तर बघायला मिळतं: कोणत्या सामन्याला, कोणत्या पबबाहेर, कोणाबरोबर तो होता, चित्रफितीत काय दिसतं. वकील देता येतो, अपील करता येतं. गुन्हा सिद्ध नसताना दिलेल्या अशा आदेशाची मुदत तीन ते पाच वर्षं. एवढ्या काळात तो नोकरी करतो, घरी झोपतो, फोन वापरतो, कोणालाही भेटतो. बंदी असते ती सामन्याची आणि त्याभोवतीच्या वेळेची. आदेश मोडला तर जास्तीत जास्त सहा महिने कैद.

“दहशतवादाच्या संशयिताला मात्र मानवाधिकारांची ढाल.”

सगळ्यात चुकीचं विधान हेच, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

११ सप्टेंबरनंतर, २००१ सालच्या कायद्याने, ब्रिटनने परदेशी संशयितांना आरोपपत्राशिवाय आणि मुदतीशिवाय बेलमार्श तुरुंगात डांबलं. डिसेंबर २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने हे अवैध ठरवलं. सरकारने लगेच २००५ मध्ये ‘नियंत्रण आदेश’ आणले. खटला नाही, आरोप नाही. पण पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा, घराबाहेर पडायला वेळेची मर्यादा, भेटायला येणाऱ्यांसाठी गृहखात्याची परवानगी, इंटरनेट बंद. काही जणांना दिवसाचे अठरा तास घरात कोंडलं होतं. हे नुसते निर्बंध राहिलेले नाहीत, ही कैदच झाली, असं न्यायाधीशांना २००७ मध्ये सांगावं लागलं. सहा वर्षांत ५२ माणसं या आदेशांखाली होती.

२०११ मध्ये त्यांची जागा नव्या प्रतिबंधक उपायांनी घेतली. या आदेशाखालच्या दोघांनी, एकाने २०१२ मध्ये आणि दुसऱ्याने २०१३ मध्ये, पोबारा केला. मग २०१५ मध्ये संशयिताला त्याच्या गावापासून दूर नेऊन ठेवण्याचा अधिकार सरकारने पुन्हा स्वतःकडे घेतला. २०२१ च्या कायद्याने कमाल मुदत दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. आदेश मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद, परदेशात पळ काढून मोडला तर त्याहून जास्त. आदेश काढतात गृहमंत्री. त्याआधी सहसा कोर्टाची परवानगी लागते, पण सविस्तर तपासणी कोर्ट नंतरच करतं.

आणि पुरावा? हुल्लडबाजाला आपल्याविरुद्धची चित्रफीत बघता येते. इथे पुराव्याचा मोठा भाग गुप्तचरांचा असतो आणि तो बंद दाराआड मांडला जातो. संशयित बाहेर, त्याचा स्वतःचा वकीलही बाहेर. त्याच्या बाजूने सरकारमान्य ‘विशेष वकील’ आत बसतो, पण गुप्त कागद एकदा बघितले की कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला संशयिताशी बोलता येत नाही. ‘तू अमुक दिवशी अमुक ठिकाणी होतास’ असा आरोप असेल आणि तो दिवस, ते ठिकाणच तुम्हाला कळू दिलं नाही, तर ‘मी त्या दिवशी आजारी होतो’ हे सांगायचं कसं? निदान आरोपाचा गाभा तरी त्याला सांगा, असा निर्णय २००९ मध्ये झाला, तोपर्यंत तेवढंही बंधन पक्कं नव्हतं.

कोठडीची तुलना करा. इंग्लंडमध्ये दंगल किंवा मारामारीच्या संशयिताला आरोपपत्राशिवाय साधारण २४ तास ठेवता येतं, गंभीर गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने ९६ तासांपर्यंत. दहशतवादाच्या संशयिताला १४ दिवस. मधल्या काही वर्षांत ही मर्यादा २८ दिवस होती. सरकारने २००५ मध्ये ९० दिवस मागितले होते, पार्लमेंटने ते फेटाळले. विमानतळावर तर कोणताही संशय नसताना, दहशतवादविरोधी कायद्याखाली, कोणालाही सहा तासांपर्यंत अडवून चौकशी करता येते आणि गप्प राहणं हा गुन्हा ठरतो. पासपोर्ट गृहमंत्री राजसत्तेच्या विशेषाधिकारात, कोर्टात न जाता, रद्द करू शकतात. नागरिकत्वसुद्धा काढून घेता येतं. पंधराव्या वर्षी सीरियाला गेलेल्या शमीमा बेगमचं २०१९ मध्ये काढलं गेलं. फुटबॉलच्या कोणत्या हुल्लडबाजाचं नागरिकत्व गेलं?

पायघड्या कुठे आहेत ते मला या सगळ्यात सापडत नाही.

“तेच सूत्र लावा, काम होईल.”

बंदी आदेश चालतो, कारण फुटबॉलच्या हिंसाचाराला वेळापत्रक असतं. शनिवारी दुपारी तीनचा सामना, पाहुण्या संघाचे समर्थक येण्याचं रेल्वे स्टेशन, दोन्ही बाजूंचे ठरलेले पब, हे सगळं पोलिसांना महिनाभर आधी माहीत असतं. माणूस त्या चार तासांत त्या भागात नसला की त्याच्याकडून होणारा धोका बहुतांशी संपतो, कारण ती मारामारी समोरच्या टोळीशिवाय आणि गर्दीशिवाय होतच नाही. शिवाय प्रत्येक मोठ्या संघामागे नेमलेले पोलीस असतात. वर्षानुवर्षं तेच चेहरे बघितल्याने ते त्यातल्या म्होरक्यांना नावानिशी ओळखतात, आणि ते म्होरकेही त्यांना ओळखतात. या उघड ओळखीचाच निम्मा धाक असतो.

दहशतवादी हल्ल्याचं वेळापत्रक हल्लेखोराच्या डोक्यात असतं. त्याला कोणत्या जागेपासून, कोणत्या दिवशी दूर ठेवणार? १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये फ्रान्स-जर्मनी सामन्याच्या वेळी आत्मघातकी हल्लेखोर स्टेडियमपर्यंत आले, आत शिरता आलं नाही तेव्हा बाहेरच त्यांनी स्फोट घडवले. त्याच रात्री कॅफे आणि बाताक्लां सभागृहात त्यांच्या साथीदारांनी माणसं मारली. मरायला निघालेल्या माणसाला तीन वर्षांच्या बंदीची आणि सहा महिन्यांच्या कैदेची काय भीती?

“यादीत नाव आहे ना, मग सगळ्यांना पकडा, निदान पाळत ठेवा.”

२०१७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच आकडा दिला होता: सुमारे तीन हजार जणांची चौकशी चालू, आणि पूर्वी कधीतरी नजरेखालून गेलेले आणखी वीस हजार. एका माणसावर चोवीस तास पाळत ठेवायची तर पाळीपाळीने कितीतरी माणसं लागतात. या तेवीस हजारांना फुटबॉलसारखे आदेश द्यायचे म्हणजे काय, याचा हिशेब मेसेज लिहिणाऱ्याने केलेला नाही. फुटबॉलचे बंदी आदेश एका वेळी दोनेक हजारांच्या आसपास असतात, तेही मुख्यतः सामन्यांच्या दिवसांपुरते. दहशतवादाचे प्रतिबंधक उपाय बहुतेक काळ मोजक्याच लोकांवर असतात, कारण प्रत्येकामागे अख्खं पथक गुंततं.

२२ मे २०१७ ला मॅंचेस्टर अरीनात २२ जण मारले गेले. हल्लेखोर चारच दिवसांपूर्वी लिबियातून परतला होता. सर जॉन सॉंडर्स यांच्या चौकशीचा या भागावरचा अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. त्यात स्पष्ट म्हटलंय की गुप्तचर खात्याकडे आलेल्या माहितीवर वेळेत पावलं उचलली गेली नाहीत आणि हल्ला रोखण्याची एक महत्त्वाची संधी हुकली. विमानतळावरून त्याचा माग काढला असता तर स्फोटकं ठेवलेल्या गाडीपर्यंत पोचता आलं असतं. त्या दिवशी अधिकार सगळे हातात होते, कायदा कमी पडला नाही. आलेल्या माहितीचा अर्थ लावून ती लगेच पुढे देणं, हे काम राहिलं. तेवीस हजार नावांमागे समान ताकदीने धावलं असतं तर हे काम सोपं झालं असतं की अवघड, याचा विचार करावा.

“कडक हातामुळे हुल्लडबाजी संपली.”

पहिलं म्हणजे, संपलेली नाही. ११ जुलै २०२१ ला युरोच्या अंतिम सामन्याला वेम्बलीत सुमारे दोन हजार माणसं तिकिटाशिवाय घुसली. मोठी दुर्घटना थोडक्यात टळली, असा निष्कर्ष लुईस केसी यांच्या अहवालाने काढला. आजही इंग्लंड-वेल्समध्ये फुटबॉलशी निगडित अटका हंगामाला दोन हजारांच्या घरात असतात.

दुसरं म्हणजे, ऐंशीच्या दशकातल्या कडक हाताने काय दिलं ते बघा. वेषांतर करून टोळ्यांत शिरलेल्या पोलिसांच्या साक्षींवर चेल्सीच्या समर्थकांना मोठ्या शिक्षा झाल्या आणि पुढे रद्द झाल्या. वेस्ट हॅमच्या समर्थकांवरचा खटला पोलिसांच्या नोंदवह्या संशयास्पद निघाल्याने १९८८ मध्ये कोसळला. याच काळात आयरिश दहशतवादाच्या खटल्यांतही हेच बाहेर येत होतं. १९७४ च्या बर्मिंगहॅम पब स्फोटांसाठी सहा निरपराध माणसं १९९१ पर्यंत तुरुंगात राहिली, आणि त्यांच्या सुटकेत पोलिसांच्या फेरफार केलेल्या नोंदींचा मोठा वाटा होता. खरे स्फोट करणारे त्या सोळा वर्षांत मोकळे होते. ‘पुरावा नंतर बघू’ असं म्हटलं की हुल्लडबाजाच्या आणि दहशतवाद्याच्या खटल्यात एकच रोग शिरतो.

आणि हिल्सबरो स्टेडियम. १५ एप्रिल १९८९, शेफील्ड. प्रेक्षक म्हणजे हुल्लडबाज, हे गृहीत धरून बांधलेली लोखंडी कुंपणं आणि त्याच नजरेने पाहणारे पोलीस. आत माणसं चिरडत होती, तेव्हा हा मैदानात घुसण्याचा प्रकार आहे असं समजलं गेलं. ९७ जण गेले. दोष दारू प्यायलेल्या समर्थकांचा, ही खोटी कहाणी पोलिसांनी पसरवली. हे मृत्यू बेकायदा हत्या होत्या हा निर्णय मिळायला घरच्यांना २०१६ उजाडलं. दहशतवादाच्या बाजूला याचं भावंड म्हणजे झाँ शार्ल द मेनेझेस. २२ जुलै २००५ ला लंडनच्या स्टॉकवेल स्टेशनात पोलिसांनी त्याला आत्मघातकी हल्लेखोर समजून गोळ्या घातल्या. तो ब्राझीलहून आलेला इलेक्ट्रिशियन होता. त्याच्याबद्दलही सुरुवातीला खोट्या गोष्टी पसरल्या.

हुल्लडबाजी जी कमी झाली ती हिल्सबरोची चौकशी करणाऱ्या टेलर अहवालानंतर. कुंपणं काढली, वरच्या विभागांत सगळ्यांना बसायला खुर्च्या आल्या, कॅमेरे आले, तिकिटं महागली, प्रेक्षकवर्ग बदलला. बंदी आदेशांनी त्यात भर घातली. युरो २००४ मध्ये पोर्तुगालच्या शहर पोलिसांनी दंगलीचा पोशाख न घालता, समर्थकांशी बोलत बंदोबस्त ठेवला आणि सामन्यांच्या शहरांत इंग्लंडचे समर्थक शांत राहिले. दंगल झाली ती अल्बुफेराला, जिथे तसा बंदोबस्त नव्हता.

“भारतानेही यातून शिकावं.”

काय शिकावं? आरोपपत्राशिवाय ठेवण्याची ब्रिटनची मर्यादा १४ दिवस आहे, आपल्या यूएपीएत, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात, ती १८० दिवसांपर्यंत जाते. जामीन जवळजवळ अशक्य करणारं कलमही आपल्याकडे आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आहे. मेसेजमध्ये मागितलेला कडकपणा आपल्याकडे कधीचाच आहे. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत याच मकोकाखाली १२ जणांना शिक्षा झाल्या होत्या. कबुलीजबाब आणि ओळख परेड टिकत नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्या रद्द केल्या. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली आहे, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेलं नाही.

ब्रिटनकडून घ्यायचंच असेल तर एक गोष्ट घेण्यासारखी आहे, जिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. दहशतवादविरोधी कायद्यांसाठी तिथे एक स्वतंत्र परीक्षक नेमलेला असतो. त्याला गुप्त कागदही बघता येतात. कोणता अधिकार किती वेळा वापरला, कुठे जास्त झाला, हे तो दरवर्षी लिहितो, आणि तो अहवाल पार्लमेंटपुढे ठेवून सगळ्यांसाठी प्रसिद्ध होतो. डेव्हिड अँडरसन यांनी हे काम केलं, २०१९ पासून जॉनथन हॉल करत आले आहेत. यूएपीएसाठी असा परीक्षक आपल्याकडे नाही. खासदारांकडे मागणी करायची तर ही करा.