पाणी सोडण्याची कला

साहेब, सर्वप्रथम अभिनंदन. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण असं लांबलचक नाव मिरवणाऱ्या आमच्या शहराच्या कंपनीचे तुम्ही सर्वेसर्वा झालात. आल्या आल्या 'आता नव्या क्षेत्रांत उतरायचं' असं जाहीर केलंत, हे तर फारच छान. म्हणून अनुभवाचे चार शब्द.

पहाटे साडेचारला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कधीही येऊ नका. तिथे चावीवाला सायकल भिंतीला टेकवतो, चेंबरचं झाकण पहारीने उचकटतो, लांब दांड्याची चावी आत सोडतो आणि ओठांतल्या ओठांत मोजत फिरवतो. अठरा आटे. सतरा झाले तर शेवटच्या इमारतीला पाणी चढत नाही, एकोणीस झाले तर खालच्या वस्तीत बोंब. हे गणित कुठल्या फायलीत नाही, त्याच्या मनगटात आहे. ते पाहून तुम्हाला वाटायला लागेल, आपला धंदा हाच. असले विचार मोठ्या माणसाला शोभत नाहीत. त्याने पाणी सोडायचं ते भागधारकांच्या पैशांवर.

मोठेपणा शिकायचा तर पॅरिसकडे बघा. 1853 साली तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने तिथे एक पाणी कंपनी निघाली. ल्यों शहराला पाणी पुरवणं हे तिचं पहिलं काम. पुढे शंभरावर वर्षं पाणी, मैला, कचरा, असलंच सगळं. 1996 मध्ये ज्याँ-मारी मेसिए अध्यक्ष झाले. पाणीवाला म्हणवून घेणं चारचौघांत जरा बरं दिसत नाही, म्हणून 1998 मध्ये कंपनीचं नाव 'व्हिवेंदी' झालं आणि 2000 मध्ये सीग्रॅम ही दारू आणि सिनेमांच्या धंद्यातली कंपनी विकत घेऊन ती थेट युनिव्हर्सल स्टुडिओची मालकीण झाली. नळजोडणीपासून हॉलिवूडपर्यंत! 2002 चा तोटा 23.3 अब्ज युरो. मेसिए त्याच वर्षी जुलैत घरी गेले. पाण्याचा धंदा आधीच वेगळा काढून समूहाच्या कर्जाचं मोठं गाठोडं त्याच्या डोक्यावर दिलेलं होतं. तो मुकाट चालत राहिला.

पण फ्रेंच उदाहरण आपल्याला परकं वाटेल. त्यापेक्षा रेबेका मार्क घ्या. नाव वाचूनच गुहागरकडच्या मंडळींना उचकी लागली असेल. होय, एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प घेऊन आलेल्या त्याच बाई. विजेनंतर त्यांना पाणी सुचलं. 1998 मध्ये एन्रॉनने इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातली वेसेक्स वॉटर ही नळ आणि गटारं सांभाळणारी कंपनी दोन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतली. नफ्यातली, बिनबोभाट, घरातल्या दुभत्या म्हशीसारखी. अशी म्हैस दावणीला असली की माणसाने लगेच घोड्यांच्या शर्यतीत उतरायचं असतं. मार्क बाईंच्या हाताखाली एन्रॉनची 'अ‍ॅझुरिक्स' नावाची नवी पाणी कंपनी उभी राहिली आणि 1999 मध्ये तिचा शेअर 19 डॉलरला बाजारात आला.

त्याच वर्षी तिने अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेस प्रांताच्या मोठ्या भागाचं पाणी तीस वर्षं सांभाळायचा ठेका जवळजवळ 44 कोटी डॉलर मोजून मिळवला. बाकीच्यांच्या बोल्या आसपाससुद्धा नव्हत्या. अशा वेळी आपलं काही चुकत नाही ना, हा प्रश्न पडू देऊ नये. एप्रिल 2000 मध्ये बाहिया ब्लांका शहराच्या धरणात शेवाळ माजलं आणि नळाला गढूळ, घाण वासाचं पाणी आलं. प्रांताचे अधिकारी लोकांना म्हणाले, हे पिऊ नका आणि बिलही भरू नका. कंपनी म्हणाली, शेवाळाचा बंदोबस्त प्रांतानेच करायला हवा होता. हे उत्तर पाठ करून ठेवा. आमच्याकडे गढूळ पाण्याची तक्रार केली की 'आधी तुमच्या सोसायटीची टाकी धुवा' म्हणतात, पण त्यात तो आंतरराष्ट्रीय डौल नाही.

यावर कळस म्हणजे इंटरनेटवर पाण्याचा बाजार. 'वॉटर टू वॉटर डॉट कॉम' नावाचं संकेतस्थळ, बटण दाबा आणि पाणी घ्या-विका! एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं. कळशी घेऊन दोन जिने चढलेल्या कुठल्याही बाईने त्यांना हा धंदा किती जड आहे ते फुकटात सांगितलं असतं. ऑगस्ट 2000 मध्ये मार्क बाई गेल्या. पुढच्या वर्षी 19 डॉलरचा तो शेअर साडेआठ डॉलरही न देता परत घेतला गेला, आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत निघाली. या सगळ्या धामधुमीत वेसेक्सच्या हद्दीतल्या बाथ शहराच्या नळांना मात्र पाणी येत होतं, कारण तिथल्या चावीवाल्यांना कुणी नव्या क्षेत्रांत पाठवलेलं नव्हतं.

पुढे वेसेक्स मलेशियाच्या कंपनीने घेतली आणि मग वेसेक्सने नको ते केलं. तिच्या उपकंपनीने 2014 मध्ये मैला आणि टाकाऊ अन्न यांच्या गॅसवर चाळीस आसनांची बस काढली. 2015 मध्ये ती ब्रिस्टल शहरात धावू लागली, मार्ग क्रमांक 2. दोन नंबरचा धंदा, उघड्यावर, रीतसर तिकीट फाडून! नागपूरवाल्यांनाही हीच खोड: शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला विकतात. साहेब, तुम्ही या वाटेला जाऊ नका. गटारात हात घातल्याशिवाय हे जमत नाही आणि पंचतारांकित हॉटेलात त्यावर बोलताही येत नाही.

तुमचं बाटलीबंद पाण्याचं ठरलंय ते उत्तम. उद्घाटनाचं निमंत्रण मिळालं, आभार. पण सकाळी दहा ही आमची टँकरची वेळ, आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. शक्य झाल्यास दोन खोके बाटल्या घरी पाठवा. आंघोळीपुरत्या.