अंदमानची बॅग आणि न वाळणारी जीन्स

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ठाण्यात गोखले रोडला आणि वाशीच्या मॉलमध्ये एकच दृश्य असतं. अंदमानची तिकिटं काढलेली मंडळी फुलाफुलांचे शर्ट, परातीएवढ्या टोप्या आणि चाकांच्या कोऱ्या बॅगा घेत हिंडत असतात. माझ्या मते यातली निम्मी खरेदी फुकट जाते. तिथे जे खरोखर लागतं, ते आपल्याकडे जुलैत घरोघरी आधीच बाहेर निघालेलं असतं.

ऊन तापतंच, पण बेटावर माणूस जेरीस येतो तो ओलाव्याने. म्हणून बॅगेत काहीही टाकण्याआधी एवढंच बघा: हे भिजलं तर रात्रीत वाळेल का? जीन्स या परीक्षेत पहिल्याच फेरीत नापास. कोरडी असतानाच पाऊण किलोच्या आसपास भरते, भिजली की दोन दिवस दमट राहते, आणि तीच अंगावर चढवली की जांघेत गजकर्ण ठरलेलं. जाड सुती टी-शर्टचीही तीच गत.

खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे नुसते वाळत टाकले तर का वाळत नाहीत, हे पावसाळ्यात पाझरणारी मिठाची बरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. धाग्यात अडकलेलं मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. आधी गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढा. मग कोरडा पंचा पलंगावर पसरा, त्यावर कपडा ठेवा, दोन्हींची मिळून घट्ट गुंडाळी करा आणि दोघांनी दोन टोकांना धरून पिळा. पंचा बरंचसं पाणी पिऊन घेतो. पंख्याखाली टाकलेला ड्राय-फिट टी-शर्ट सकाळपर्यंत तयार. त्यासाठी पाच मीटर नायलॉनची दोरी आणि दहा-बारा चिमटे न्या. आणि टर्किश टॉवेल घरीच राहू द्या. माणशी दोन पंचे पुष्कळ झाले.

पाच रात्रींसाठी माणशी हिशेब असा: पातळ टी-शर्ट तीन, हाफ पँट दोन, पातळ फुल पँट एक, पूर्ण बाह्यांचा सैलसा शर्ट एक (संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूमाशा चावतात, त्यांच्यासाठी), पोहण्याचे जोड दोन. दोन अशासाठी, की सकाळी ओला चढवायची वेळ येऊ नये. पायात पट्ट्यांचे फ्लोटर्स. चामड्याच्या चपला तिथे फुगतात आणि रबरी स्लिपर प्रवाळाच्या खडकावर पाय सोडून देते. नील बेटावरचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि तिथली वाट अशाच दगडांवरून जाते.

पोहायला पूर्ण बाह्यांचा लायक्रा टी-शर्ट घ्या. त्यावर खर्च झाला तरी चालेल, कारण सनस्क्रीन वाचतं. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळी साधारण 30 मिली लागतं आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं. म्हणजे चौघांत 50 मिलीची ट्यूब नेणं ही स्वतःची फसवणूक आहे. अंग झाकलेलं असेल तर चेहरा, मान, हात-पाय एवढंच उरतं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी रेघ. स्नॉर्कलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघत पोहताना, माणूस पालथा तरंगतो, त्यामुळे करपतात त्या पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू, आणि तिथे लावायला सगळेच विसरतात.

मिशीवाल्यांसाठी: स्नॉर्कलिंगच्या मास्कची कड मिशीवर नीट बसत नाही आणि पाणी आत झिरपतं. नाकाखालची एक बारीक पट्टी साफ केली की काम भागतं. पूर्ण मिशी उतरवायची गरज नाही, घरच्यांनी आग्रह केला तरी. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका. अंगठी आणि मंगळसूत्र हॉटेलातही नको, घरीच. गार पाण्यात बोटं किंचित आकसतात आणि अंगठी सहज निसटते.

फोनचं वॉटरप्रूफ पाऊच घरीच तपासा. आत टिश्यू पेपर घाला, वर वजन ठेवून बादलीत अर्धा तास बुडवा. कागदाचा कोपरा जरी ओला झाला तरी ते पाऊच भाजी बांधायला वापरा. पाण्याखाली टच चालत नाही, फोटो आवाजाच्या बटणाने काढायचे.

विमानाचं थोडं. आता उलव्यालाही विमानतळ आहे, तेव्हा तिकिटावर बीओएम (मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) ते वाचा. घोडबंदरहून निघणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, 100 वॉट-अवरच्या आतली. 20000 एमएएचची साधारण 74 भरते, ती चालते. लायटर कुठल्याच बॅगेत नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. चकली-चिवडा न्या, पण पिशवीत नको. तासाभरात सादळतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवा.

टॉर्च प्रत्येकाकडे हवा. ठाणे 73 रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) जवळजवळ 93 वर. घड्याळ एकच. एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण 80 मिनिटं आधी येतो-जातो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त. ‘संध्याकाळी सहाला बीचवर जाऊ’ म्हणणारे अंधारात चपला शोधत बसतात.

हॅवलॉक बेटाच्या बोटीत ज्यांना लागतं त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तास-दीड तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. बोटीच्या एसीत गारठायला होतं, एक शाल वर ठेवा. ओआरएसची मोठी पुडी अख्ख्या एक लिटर पाण्यात घालायची, पेल्यात नव्हे.

परतताना मुलांचे खिसे उलटे करून बघा. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा 1972च्या वन्यजीव कायद्याखाली आणता येत नाही आणि विमानतळावर बॅग उघडतात.

सगळं भरून झालं की लिफ्ट सोडा. ज्याची बॅग त्याने दोन मजले जिन्याने एका हातात चढवायची. बोटीच्या हलत्या फळीवरून ती तशीच न्यायची असते. पहिल्या मजल्यावर टेकवावी लागली, तर उघडा आणि ती जीन्स बाहेर काढा.