सुशीला फोडणी

"भात जरा गिच्च झाला होता गं, म्हणून वरून फोडणी घातली. मोकळा होईल."

आत्या, तो गिच्चच असतो! गिच्च व्हावा म्हणून तर इंद्रायणी आणला, भिजवला, व्हिनेगर-साखर-मीठ घालून उलथन्याने हलकेच कालवला, वर्तमानपत्राने वारा घालून निववला आणि ट्रेमध्ये दाबून बसवला. ओटीजीतून काढून ओट्यावर ठेवला आणि मी निऱ्या सारख्या करायला आत गेले. तेवढ्यात! बाहेर येऊन बघते तर सुशी बेकवर, म्हणजे ट्रेमध्ये थर लावून भाजलेल्या जपानी सुशीवर, मोहरी, कढीपत्ता आणि हिंग. मेयोनीजवर हिंग! हळदसुद्धा घातलीन, तिचा पिवळा ओघळ कडेकडेने क्रीम चीजमध्ये उतरत होता. वर कोथिंबीर. खोवलेला नारळ फ्रीजमध्ये सापडला नाही, नाहीतर तोही पडला असता.

आणि महिनाभर आधीपासून हेच सगळे मागे लागलेले असतात बरं का, "दर भाऊबीजेला तेच काय, या वेळी काहीतरी वेगळं कर." वेगळं केलं की, "साधा वरण-भात नाहीये का?" गणपतीत लसान्यावर फरसाण भुरभुरलं होतं, ते मी विसरलेले नाही.

त्यात भाऊबीज आली गुरुवारी. मासे बाद, अंडंही बाद, मेयो एगलेस. मामांनी आशेने विचारलं, "त्या क्रॅब स्टिकमध्ये खेकडा नसतोच म्हणे, मग चालेल की?" खेकडा नसतो मामा, माशाचा लगदा असतो. मग गेलं पनीर आणि मश्रूम. आणि पानावर बसल्यावर हेच मामा सगळ्यांदेखत, "यात मासा कुठाय? सुशी म्हणे!"

नोरीचं, म्हणजे हे ज्यात गुंडाळून खायचं त्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पानांचं, पाकीट कुणीतरी आधीच फोडलं आणि "कार्बन पेपर बघा" करत घरभर फिरवलं. मुंबईच्या हवेत! वाढेपर्यंत पानं अशी लिबलिबीत की दातांनी ओढावी लागत होती. वर सासऱ्यांची चौकशी, "तो ओव्हन अजून चालूच आहे का?" एसी लावून झोपताना बिल आठवत नाही ते.

बरं, मी तरी कुठल्या सोवळ्यासाठी भांडतेय? हा प्रकार गाजला २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, फिलिपिन्समधल्या घराघरांत. त्यात माझा भात मावळातला, मासा नाही आणि पनीर कोपऱ्यावरच्या डेअरीतलं. एखाद्या जपानी माणसाने ते ध्यान बघितलं असतं, तर आत्याच्या हातात कढलं त्यानेच दिलं असतं.

शिवाय कोपऱ्यातला खरपूस तुकडा मी ओट्याशी उभी राहून खाल्ला. हिंगासकट. चांगला लागत होता. आत्याला कुणी सांगितलंत तर याद राखा.

तसंही तिला सांगायची गरज नाही. फॅमिली ग्रुपवर ट्रेचा फोटो आलाय, खाली तिचा मजकूर: "आज मी केलेली जपानी खिचडी."

मी केलेली!