होडीवरचं जीपीएस विकायला काढण्याआधी हे वाचा

"मच्छीमार बांधवांनो, जीपीएस मशीनवर पैसे घालवू नका" अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या किनाऱ्यावरच्या ग्रुपवर फिरतोय. मी आधी लक्ष दिलं नाही. असले मेसेज येतात आणि जातात. पण परवा मालवणहून मामेभावाचा फोन आला. "मोबाईल आसा मां, मगे जीपीएस कित्याक? इकून टाकतंय." त्याची फायबरची होडी आहे, गिलनेट (मासा अडकतो ते उभं जाळं) टाकतो, सोबत दोन खलाशी असतात. गिऱ्हाईकही ठरलं होतं. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मेसेजचं म्हणणं असं: मशीनला नेट आणि रिचार्ज लागतो, मोबाईलमध्ये तेच फुकट मिळतं. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवलं की कोस्ट गार्डला आपली होडी दिसत राहते. खाली दिलेले पॉइंट, म्हणजे समुद्रातल्या जागांचे अक्षांश-रेखांश, जसेच्या तसे टाका, मासा मिळणारच. होकायंत्राची गरज संपली. आणि मशीन घ्यायचंच असेल तर मोठ्या स्क्रीनचं घ्या, किंवा सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्गे मेसेज पाठवणारं यंत्र) बाहेरून मागवा.

नेट आणि रिचार्ज

जीपीएस मशीनला नेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज तर नाहीच. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत सिग्नल पाठवत असतात. त्यातल्या किमान चारांचा सिग्नल मिळाला की मशीन आपली जागा स्वतः काढतं. त्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. मोबाईलमधलं जीपीएससुद्धा रेंज नसताना चालतं. रेंज गेली की पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो आणि आधी उतरवून घेतलेला नसेल तर नकाशा दिसत नाही, पण अक्षांश-रेखांश मिळतात. अचूकताही वाईट नाही. अमेरिकी सरकारच्याच जीपीएसच्या संकेतस्थळावर, उघड्या आकाशाखाली स्मार्टफोन साधारण ४.९ मीटरच्या आत जागा दाखवतो असं दिलंय. म्हणजे मोबाईल जागा बरोबर दाखवतो, हे खरं.

पण होडीवर प्रश्न अचूकतेचा नसतो. ओल्या बोटांनी, त्यातही खाऱ्या पाण्याने, टचस्क्रीन नीट चालत नाही. पाण्याचे थेंब पडले तर ती आपोआप भलतंच काही दाबते. चार्जिंगची जागा ओली झाली की बरेच फोन चार्जच घेत नाहीत. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, आणि फोन तापला की बंद पडतो. मशीनला बटणं असतात, ते १२ व्होल्टच्या बॅटरीवर दिवसरात्र चालतं आणि भर उन्हात वाचता येतं. मोबाईल खिशात जोडीला जरूर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, नकाशा आधीच उतरवून. पण रात्री पावसाची सर आली असताना बंदरात शिरायचं ते त्याच्या भरवशावर नको.

कोस्ट गार्डला आपण दिसतो म्हणे

हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग आहे. ज्याने लिहिला त्याने समुद्रात जाणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार केलेला नाही.

जीपीएस फक्त ऐकतं. मशीन असो की मोबाईल, उपग्रहाकडे परत काहीही जात नाही. आपण रेडिओवर हवामानाचा इशारा ऐकतो, म्हणून आकाशवाणीला आपण कुठे बसून ऐकतोय ते कळत नाही. हेही तसंच आहे. मोबाईलचं लोकेशन दुसऱ्याला दिसतं ते मोबाईलच्या टॉवरमधून. टॉवर मागे पडला की तुमची जागा फक्त तुमच्या हातातल्या पडद्यावर उरते. इंजिन बंद पडलं, होडी वाहवत चालली, तर लोकेशन चालू ठेवून काहीही होणार नाही. उलट, कुणीतरी बघतंय या समजुतीने माणूस वाट बघत बसेल आणि हाताशी असलेला वेळ घालवेल.

आपली जागा बाहेर कळवायला वेगळं साधन लागतं. इस्रोने खास मच्छीमारांसाठी डॅट, म्हणजे संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र, बनवलंय. बटण दाबलं की होडीची ओळख आणि जागा उपग्रहामार्गे नियंत्रण केंद्रात पोचते आणि तिथून कोस्ट गार्डच्या बचाव केंद्राकडे जाते. जानेवारी २०२४ पासून त्याची दुसरी पिढी आली. तिच्यात इशारा पोचल्याची पोच होडीवर परत येते. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरला केंद्र सरकारने किनारपट्टीच्या १३ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर (उपग्रहामार्गे निरोप देणारी-घेणारी यंत्रं) बसवण्याची योजना सुरू केली. मोबाईल पुरेसा असता तर हा खटाटोप कशाला केला असता? वायरलेसवर संकटासाठी चॅनल १६ आहे, मोबाईलच्या रेंजमध्ये असाल तर कोस्ट गार्डचा फोन नंबर १५५४ आहे. या दोन्हींवर पहिला प्रश्न येतो तो जागेचा, आणि तिथे अक्षांश-रेखांश वाचून दाखवायला मशीन समोर लागतं.

"पॉइंट जसेच्या तसे टाका"

मेसेजच्या शेवटी आकड्यांची यादी आहे. "१६.२५, ७३.१०, सुरमई" अशा ओळी. ना तारीख, ना आकडे कुठल्या पद्धतीचे ते. मामेभावाने यातले काही मोबाईलमध्ये टाकलेसुद्धा होते.

आता १६.२५ म्हणजे काय? काही जण ते १६ अंश २५ मिनिटं असं वाचतील. मोबाईलचा नकाशा ते दशांश अंश म्हणून वाचतो, म्हणजे १६ अंश १५ मिनिटं. फरक १० मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे एकाच आकड्याने एक होडी देवगडच्या थोडी वर जाईल आणि दुसरी आचऱ्याच्या बाजूला, मध्ये साडेअठरा किलोमीटर. रेखांशाची चूक वेगळी. डिझेल कुणाच्या खिशातून जाणार?

हा घोळ खऱ्या, चांगल्या माहितीतही होतो, म्हणून इथे थांबून सांगतो. हैदराबादची इन्कॉईस ही केंद्र सरकारची संस्था मासे मिळण्याच्या संभाव्य क्षेत्राचा सल्ला देते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहावरून मोजून तो काढतात, आणि तो मराठीतही मिळतो. त्या तक्त्यात अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंद असे असतात, आणि अंतर किलोमीटरमध्ये. आपली बहुतेक मशीन मात्र कारखान्यातून येताना अंश आणि दशांश मिनिटांवर लावलेली असतात, अंतर सागरी मैलात. तक्त्यात १६ ०२ ५० असं असेल आणि तुम्ही मशीनमध्ये १६°०२.५० टाकलंत, तर चुकलात. ५० सेकंद म्हणजे ०.८३३ मिनिटं. आकडा १६°०२.८३३ असा हवा. फरक ६०० मीटरच्या वर जातो. उघड्या दर्यात त्याने फारसं बिघडत नाही. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जिथे पाण्याखाली खडपं (खडक) आहेत, तिथे ६०० मीटरमध्ये जाळं फाटतं, होडीही फुटते. तसंच तक्त्यातलं ४० किलोमीटर मशीनवर ४० मैल समजून चालत राहिलात तर ७४ किलोमीटरवर पोचाल.

उपाय सोपा आहे. मशीनच्या सेटिंगमध्ये जागा दाखवण्याची पद्धत बदलता येते. तक्ता ज्या पद्धतीचा, तीच लावा, आणि नकाशाचा आधार (मॅप डेटम) डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस ज्यावर चालतं तोच, आहे ना ते बघा. मग होडी जेटीला बांधलेली असतानाच मशीन आणि मोबाईल एकाच पद्धतीवर लावून आकडे शेजारी शेजारी ताडून घ्या. जुळले नाहीत तर सेटिंगमध्ये चूक आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय बाहेर पडू नका.

आणि मासे एका पॉइंटवर बसून राहत नाहीत. गार-गरम पाण्याची रेघ सरकते, तसा मासाही सरकतो. म्हणून इन्कॉईस रोज नवा सल्ला काढते, आणि ढगांनी झाकलेल्या दिवसांत देत नाही. तारीख नसलेली यादी म्हणजे नुसते आकडे. कायम कामाला येतात ते आपण स्वतः साठवलेले पॉइंट: जाळं अडकतं ती खडपं, बुडालेल्या नौकेची जागा. मामेभावाच्या मशीनमध्ये मामाने तांडेल (होडीचा प्रमुख) असताना साठवलेले असे कितीतरी पॉइंट आहेत. ते कार्डावर किंवा वहीत न उतरवता तो मशीन विकायला निघाला होता! हे मी त्याला विचारलं, तेव्हा कुठे त्याने गिऱ्हाइकाला थांबवलं.

होकायंत्र

जीपीएस दिशा दाखवतं ती होडी पुढे सरकत असते तेव्हा. इंजिन बंद पडून होडी वाहवत असेल तर पडद्यावर दिसते ती वाहवण्याची दिशा. नाळ (होडीचं पुढचं टोक) कुठल्या दिशेला आहे ते साधं मशीन सांगू शकत नाही. मोबाईलमधला कंपास इंजिनच्या लोखंडाजवळ आणि स्पीकरच्या चुंबकाजवळ बिघडतो. बॅटरी पूर्ण संपली तरी साधं होकायंत्र चालतं. ते राहू द्या, फक्त लोखंडापासून लांब बसवा.

याच मुद्द्यात मेसेजने "घरचा पॉइंट दाबा, मशीन आणून सोडेल" असं लिहिलंय. मशीन पॉइंटपर्यंत सरळ रेघ काढतं. मध्ये खडप आहे की बेट, ते बघणं तुमचं काम. दिवसाउजेडी बाहेर पडताना ट्रॅक (होडी गेली त्या वाटेची रेघ) साठवा आणि त्याच ट्रॅकवरून परत या. त्यातही भरतीला ज्या वाटेने गेलात, ती सुक्तीला उथळ असू शकते.

मोठी स्क्रीन, बाहेरचा मेसेंजर

मोठ्या पडद्याने अचूकता वाढत नाही, आकडे मोठे दिसतात एवढंच. पैसे घालायचेच तर पाणी न शिरणाऱ्या मशीनवर घाला (आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास), आणि शक्य असेल तर त्याला वेगळी बॅटरी द्या. इंजिन सुरू करताना व्होल्टेज पडलं की मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. फिश फाइंडर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) सोबत घेतलात तर तो होडीच्या खालचं दाखवतो, पुढचं नाही. त्याची लहर कमी खोलीवर २०० किलोहर्ट्झची लावा, खोल पाण्यात ५० ची.

सॅटेलाइट मेसेंजर आणि सॅटेलाइट फोनला भारतात सरकारची परवानगी लागते. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर असली यंत्रं सापडल्यामुळे कारवाई झाली आहे. ऑनलाइन मागवलेलं ते यंत्र तपासणीत होडीवर सापडलं, तर चौकशी मेसेज लिहिणाऱ्याची होणार नाही, तांडेलाची होईल.