जड पाणी, हलके घोट

माणसाचं वय आधार कार्डावर सापडतं. टी पेशीचं, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका पांढऱ्या रक्तपेशीचं, काढायचं तर नाशिककराला दिवसभर मिसळीवाचून बसवावं लागतं, आणि हे काम नेमकं माझ्या गळ्यात.

सहाव्या कार्बनवर दोन ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असलेलं ग्लुकोज, वजनाच्या किलोमागे साधारण 1 ग्रॅम, पाण्यात विरघळवून दर अर्ध्या तासाने, असं 10 तास पाजायचं. पेशी विभागली की नव्या डीएनएतल्या साखरेत हा जड हायड्रोजन जाऊन बसतो. मग काही दिवसांनी रक्त काढा, पेशी वेगळ्या करा, डीएनए फोडा, त्याच्या घटकांपैकी जड डीऑक्सीॲडेनोसीन किती ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रावर, मोजा. सगळं रीतसर चाललेलं असताना दुपारी कुणीतरी म्हणतं, "एकच पाव खाल्ला हो." पावातल्या स्टार्चचं साधं ग्लुकोज होतं आणि रक्तातल्या जड ग्लुकोजचं प्रमाण घसरतं. रक्ताच्या दोन नमुन्यांच्या मध्ये हे उरकलं तर आपल्याला पत्ताच नाही. नव्या डीएनएत खूण कमी दिसते, गणित म्हणतं पेशी विभागल्याच कमी, आणि एका पावाने पेशी दीर्घायुषी होते.

त्यात एका दिवसाच्या खुणेत सापडतात त्या मुख्यतः उतावळ्या पेशी. सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, तासभर उभं राहून नाशिककर मोजले तर अख्खं शहर प्रवासातच असतं असं वाटेल. पंचवटीत ओट्यावर बसलेले आजोबा हिशेबात येतच नाहीत. नाइव्ह टी पेशी, म्हणजे आपल्या शत्रूशी अजून गाठ न पडलेल्या, त्या हे आजोबा. वर्षानुवर्षं जगतात, क्वचित विभागतात. त्यांच्यासाठी कित्येक आठवडे जड पाणी, म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड आहे असं पाणी, प्यायला लावायचं.

"अणुभट्टीतलं ना ते?" हो, तेच, पण किरणोत्सारी नाही. त्रास वेगळाच. साध्या पाण्याहून ते सुमारे 11 टक्के जड. पहिल्या दिवशी एका दमात घेतलं तर अंतर्कर्णातला घनतेचा तोल बिघडतो आणि घर गरगर फिरतं. दारू चढल्यावर जे होतं त्याचंही मूळ तिथेच, आणि द्राक्षांच्या गावात हे घरच्यांना पटवणार कोण? म्हणून थोडं थोडं, तासातासाने. शरीरातलं प्रमाण टक्का-दोन टक्क्यांवर टिकतंय ना, ते लघवीच्या नमुन्यातून बघायचं.

सर्वांत भांडखोर न्यूट्रोफिल, ही आणखी एक पांढरी रक्तपेशी. रक्तात ती काही तासच जगते, असं पुस्तकं सांगत आली; 2010 मध्ये जड पाण्याने 5.4 दिवस निघाले आणि वाद पेटला. मी आक्षेपवाल्यांच्या बाजूने. खूण लागते अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतल्या मगजात, तिथे पेशी कित्येक दिवस पिकत पडते, आणि तो मुक्कामही रक्तातल्या आयुष्यात धरला जाण्याची भीती असते. खातरजमा करायची तर मज्जेत सुई घालायला हवी. हे सांगितलं की नेमकं त्याच दिवशी स्वयंसेवकाच्या घरी लग्न निघतं.