तीस सेकंदांची शांतता

काल शाळेच्या हॉलमध्ये चिरंजीवांची फिल्म दाखवली. साडेचार मिनिटांची. शेवटच्या नावांत माझं नाव नाही. 'विशेष आभार : दुसऱ्या मजल्यावरचे काका' एवढं मात्र ठळक आहे.

नववीला यंदा मीडिया हा विषय आहे. त्याचं शूटिंग आमच्याच घरात झालं. आवाज टिपायला मोबाइल चिकटपट्टीने फरशी पुसायच्या दांडीला बांधायचा आणि नटांच्या डोक्यावर, फ्रेममध्ये दिसणार नाही असा धरून उभं राहायचं, हे माझं काम. त्याला बूम म्हणतात. तीन तास मी बूम होतो. दांडी जरा खाली आली की चौदा वर्षांचा दिग्दर्शक ओरडायचा, "बूम, वर!" बापाला!

१९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना साडी नेसवावी लागली. आमच्याकडे आजीच्या भूमिकेला सख्खी आजी होती. तर ती म्हणे, "आजारी दाखवणार असाल तर मी नाही."

तरी सीन झाला. राहिली शांतता. ज्या खोलीत सीन झाला, तिथलीच निदान तीस सेकंदं शांतता रेकॉर्ड करून ठेवायची असते. एडिट करताना संवादांच्या मधे ती अंथरली नाही, तर आवाज तुटका वाटतो. पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, सगळे पुतळे झाले. बाराव्या सेकंदाला दारातून आवाज आला.

"लाइट गेली का हो तुमच्याकडे?"

"नाही काका, शांतता रेकॉर्ड करतोय."

"कसली?"

"खोलीची."

"मग आमच्याकडे या की! हिचं-माझं बोलणं बंद होऊन आठवडा झाला."

काका आत येऊन सोफ्यावर बसले. पुन्हा पहिल्यापासून. एकोणिसाव्या सेकंदाला, "झालं का?" पुन्हा. सव्विसाव्याला, अगदी हळू, "मी काही बोलत नाहीये हं." चौथ्या वेळी मात्र ते खरंच बोलले नाहीत. समोर आजीचा सीनमधला, कोणी न प्यालेला चहा होता. तो त्यांनी उचलला. सुर्रर्र. तेवढ्यात अंधारलं, मुलांचे पालक न्यायला आले आणि तीच शांतता कायम झाली.

हे सगळं घरी का? शाळेने मीडिया लॅबचे साडेतीन हजार घेतलेत. लॅबमध्ये हिरवा पडदा आहे. कॅमेराही आहे, पण काचेच्या कपाटात, आणि किल्ली सुपरवायझरकडे. मुलं बिघडवतात म्हणे. पालक-सभेच्या दिवशी तेवढं कपाट पुसतात. मुलं शिकतात ती आमच्या मोबाइलवर, आमच्या दांडीवर, आमच्या खांद्यावर. पावतीवर मात्र 'अद्ययावत साधनसामग्री' असं छापलंय. मी दोनदा विचारलं. दोन्हीदा फॉर्म भरायला दिला.

तर काल पडद्यावर दर दोन वाक्यांमागे कोणीतरी अदृश्य माणूस चहाचा घोट घेत होता. परीक्षक बाई भारावल्या. "वृद्धांचा एकटेपणा नुसत्या आवाजातून! किती सूक्ष्म!" पहिल्या रांगेतून काका उठले आणि वळून सगळ्यांना नमस्कार केला.

घरी येताना मी चिरंजीवांना विचारलं, "माझं नाव?"

"बाबा, साडेचार मिनिटांचं लिमिट होतं."

फ्रीज शूटिंगच्या रात्री साडेनऊला मीच चालू केला. तोवर श्रीखंड गेलं होतं.