येण्याचे कारण : चुकून

नकाशानं सांगितलं, नव्या बायपासनं जा, ११ मिनिटं वाचतील. मी गेले. एवढाच माझा गुन्हा. साडेचारला दातांच्या डॉक्टरांकडे पोचायचं होतं, जुन्या अरुंद पुलावर एका वेळी एकच बाजू सोडतात, आणि फोनवरची ती निळी रेघ कशी सरळसोट नदी ओलांडून पलीकडे गेलेली! रेघेला काय, ती पाण्यावरूनही जाते.

बायपासवर चिटपाखरू नव्हतं. काळंभोर डांबर, ताजे पांढरे पट्टे, दुभाजकात वीतभर रोपं. इतका रिकामा रस्ता पाहून शहाण्या माणसाला शंका आली असती. मला वाटलं, लोकांना अजून कळलं नसेल. चार किलोमीटर मी त्या आनंदात होते. मग डांबर संपलं, खडी लागली आणि लाल-पांढऱ्या ड्रमांच्या रांगेपुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले एक काका दिसले. त्यांच्या मागे पन्नासेक पावलांचा, मातीनं अर्धवट भरलेला खड्डा. खड्ड्यापलीकडे पूल. कठडे, दिव्यांचे खांब, सगळं जागच्या जागी. दोन्ही काठांशी अबोला धरल्यासारखा नदीत उभा.

"या," काका म्हणाले. "आठव्या."

"आठव्या म्हणजे?"

"सकाळपासून सात जण येऊन गेले. तुम्ही आठव्या."

मी काच वर करून गाडी वळवायला लागले, तर ते उठून बॉनेटपुढे उभे राहिले. मांडीवरची लांबलचक वही आता त्यांच्या हातात होती.

"अशा कशा जाल, ताई? आधी नोंद."

वहीत पट्टीनं रकाने आखलेले होते. अनुक्रमांक, नाव, गाडी नंबर, आत आल्याची वेळ, येण्याचे कारण, बाहेर गेल्याची वेळ, सही. कारणाच्या रकान्यात पानाच्या वर एकदा सुवाच्य अक्षरात 'चुकून' लिहिलं होतं आणि तिथून खाली नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. एवढी माणसं, एवढ्या गाड्या, आणि प्रत्येकाची तीच एक कहाणी. माझ्या ओळीतही काकांनी विचारण्याआधीच दोन टिंबं दिली.

आता, मी चुकते. रोज चुकते. पण असं दुसऱ्यानं आखलेल्या रकान्यात, सहीनिशी चुकायची मला सवय नाही.

"काका, मी चुकले नाही. नकाशा चुकला."

"नकाशाची सही कुठे घेऊ?"

"मग 'नकाशानुसार' लिहा."

"एवढं मावत नाही त्यात."

"बरं, 'पाहणी' लिहा. लहान शब्द आहे."

काकांनी माझ्याकडे नव्यानं पाहिलं. खुर्चीखालच्या पिशवीतून त्यांनी दुसरी वही काढली. हिला प्लॅस्टिकचं वेष्टण होतं आणि आत मोजून तीन नोंदी.

"पाहणीची वही वेगळी आहे. पण पाहणीला येणाऱ्यांच्या मागे चार-चार गाड्या असतात. तुमच्या मागे आहे कुणी?"

मी मागे वळून पाहिलं. कशाला पाहिलं? माझ्या मागे कुणी नाही हे मला घरातून निघाल्यापासून ठाऊक होतं. पण पाहिलं, आणि मी पाहतेय हे काकांनी पाहिलं. त्या एका क्षणाचा राग अजून गेलेला नाही.

तेवढ्यात खरंच कुणीतरी आलं. स्कूटरवरून एक जोडपं. नववे. त्यांनी हसत हसत सही ठोकली, कारण वाचलंसुद्धा नाही, पूल मागे येईल अशा बेतानं फोटो काढला आणि दोन मिनिटांत निघूनही गेले. काका माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की बघा, जगात अशीही समंजस माणसं असतात.

"इथे 'रस्ता बंद'चा बोर्ड नको का लावायला?" मी विषय बदलला.

"आहे की."

होता. ड्रमांच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून. चालत जाऊन वाचला. 'पुढे रस्ता बंद आहे.' त्याचं तोंड पुलाकडे होतं.

"काका, हा पुलावरून येणाऱ्यांसाठी आहे?"

"हो."

"पुलावरून येणार कोण?"

"पूल सुरू झाला की येतील."

आणि ते थट्टा करत नव्हते. हा माणूस गेले कित्येक महिने त्या खुर्चीत बसून पुलाच्या भविष्याची व्यवस्था बघतोय. मी विचारलं, पूल झाला, रस्ताही झाला, मग अडलंय कुठे? त्यांनी हातातल्या पेनानं हवेत चित्र काढून समजावलं. पूल खांबांवर, खांब खडकावर, म्हणून पूल हलत नाही. रस्ता मातीच्या भरावावर, आणि माती बसते. घाईनं भरली तर पुढे पुलाच्या तोंडाशी प्रत्येक गाडीला गचका. म्हणून थरावर थर. एक थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग दुसरा. पुलांवर चढताना आपल्या कमरेला जो गचका बसतो त्याचं कारण मला आयुष्यात पहिल्यांदा त्या दुपारी कळलं, हे मान्य केलं पाहिजे.

"रोलर दिसत नाही पण."

"तो दुसऱ्या कामावर गेलाय."

"मग इथे सध्या काय चाललंय?"

"भराव बसतोय," काका म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दातांच्या डॉक्टरांकडे मी ब्रिज बसवायला निघाले होते, हे सांगायचं राहिलं. जबड्यातला एक दात पडला की शेजारचे दोन कोरून त्यांचे खांब करतात आणि त्यांच्यावर मधला खोटा दात तोलतात. माझे दोन्ही खांब कोरून तयार आहेत, वर तात्पुरत्या टोप्या आहेत. म्हणजे या प्रकल्पाला उरलेली उपमा मी तोंडात घेऊनच आले होते. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला समजायला हवं, घाई करून चालत नाही."

बायपासच्या सुरुवातीला मोठा फलक आहे. 'काम प्रगतिपथावर आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' त्यातला प्रगतिपथ तेवढा पूर्ण झालाय. खाली '९५ टक्के काम पूर्ण' आणि त्याखाली पूर्ण होण्याची तारीख, कागदावर कागद चिकटवलेली. तसाच एक छोटा फलक काकांच्या खुर्चीमागेही होता. त्याचा कोपरा सुटला होता, मी नखानं उचकटून पाहिला. आत आणखी एक तारीख. तिच्याखाली तिसरीची कड.

"खालचं उकरू नका, ताई," काका म्हणाले. "तारीख मागे जाते."

इथे मला हसू यायला हवं होतं. पण हे ९५ टक्के मोजतं कोण? ओतलेल्या काँक्रीटनं मोजत असतील, टाकलेल्या डांबरानं मोजत असतील. जुन्या पुलावर सायरन वाजवत अडकलेल्या रुग्णवाहिकेनं कधी मोजतात का? तिच्यातल्या माणसासाठी ते काम शून्य टक्के झालंय. दोन वर्षं काठावरच्या घरांनी खिडक्या बंद ठेवून धूळ खाल्ली, पावसाळ्यात वळणरस्त्याच्या चिखलात लोक दुचाकीवरून घसरले. पाण्यात पाय ठेवून ज्यांनी खांब उभे केले ते मजूर तर केव्हाच दुसऱ्या कामावर गेले, रोलरबरोबर. क्षमस्व म्हणणारा फलक तेवढा आहे जागेवर, उन्हानं फिका पडलेला. आणि चूक कुणाची, तर आलेल्याची. तशी लेखी नोंद आहे.

त्या रात्री दात ठणकत होता, म्हणून सूडबुद्धीनं जगभरच्या पुलांची फजिती वाचत बसले. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये ऱ्हाईनवर लाउफेनबुर्गला पूल बांधत होते. दोन्ही देश समुद्रसपाटी वेगवेगळ्या समुद्रांवरून धरतात, त्यात २७ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि हे इंजिनिअरांना ठाऊकही होतं. दुरुस्ती केली, पण उलट्या बाजूनं. २००३ साली लक्षात आलं की दोन काठ ५४ सेंटिमीटरनं वरखाली आहेत. तिथेही कुणाच्या तरी वहीत 'चुकून' लिहिलं गेलं असणार. होंडुरासमध्ये चोलुतेका नदीवरचा नवा पूल १९९८ च्या मिच वादळात तगला, पण दोन्हीकडचे रस्ते वाहून गेले आणि नदीनं पात्रच बदललं. पूल कोरड्या जमिनीवर. आमची नदी अजून पुलाखालीच आहे, तेवढा तिचा मोठेपणा. डीट्रिख ब्राएस या जर्मन गणितज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं, की नवा रस्ता जोडला तर कधी कधी सगळ्यांचाच प्रवास लांबतो. त्यानं निदान रस्ता जोडला तरी होता.

तर त्या दुपारी अखेर मी सही केली. कारणाच्या रकान्यातली ती दोन टिंबं तशीच राहू दिली. काकांनी ड्रम सरकवून गाडी वळवायला जागा करून दिली, मागे बघून 'येऊ द्या, येऊ द्या' केलं, आणि मी तोच रिकामा रस्ता उलटा कापत जुन्या पुलाच्या रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभी राहिले. दवाखान्यातून फोन आला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. नवी वेळ गुरुवारची मिळाली.

आज गुरुवारसाठी रस्ता पाहिला. निळी रेघ तशीच नदीवरून गेलेली, आता म्हणे १२ मिनिटं वाचतात. आणि ते बघतानाच आठवलं, की 'बाहेर गेल्याची वेळ' हा माझा रकाना रिकामाच राहिलाय. काकांच्या वहीप्रमाणे मी अजून तिथेच आहे, भरावाशेजारी.